कापसाची लबाडी आणि खानदेश

कापसाच्या व्यापारांतील लबाडी हा मुंबई इलाख्यांत स्वतंत्र गुन्हा ठरला तो १८२९ च्या तिसऱ्या रेग्युलेशनानें. खानदेशांत मात्र या प्रश्नास खरी धार आली ती अमेरिकेंतील यादवीमुळें. १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेची रुई मिळेनाशी झाली, भाव अतोनात चढले, आणि आगगाडीच्या वाटेवरील जळगांव पाहतां पाहतां कापसाची मोठी पेठ बनलें. भाव चढला कीं रुईंत पाणीहि चढतें! पाणी, सरकी, माती, हलक्या जातीची रुई, सर्व कांहीं गांठींत दडपलें जाऊं लागलें. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनीं हिंगणघाटी बियाण्याचा मोठ्या हिरिरीनें प्रसार केला; पण वाटेंतच त्या रुईंत वऱ्हाडी मिसळली, तर त्या खटाटोपाचें फळ काय?

यावर १८६३ चा नववा कायदा आला. भेसळीस शिक्षा, तपासनीस, आणि त्यांच्या खर्चासाठीं गांठीमागें फी. आतां या कायद्यानें रक्षण कोणाचें झालें? गांठ घेणाऱ्याचें, म्हणजे अखेर लिव्हरपूल-मँचेस्टरच्या गिऱ्हाइकाचें. फीचा भार मात्र व्यापाऱ्यांच्या हिशेबांतून खालीं उतरत कुणब्याच्या भावावरच पडला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. शिवाय रुई शेतांत भिजली, जिनांत कीं प्रेसमध्यें, हें मुंबईस गांठ उघडल्यावर कोणीं सांगावें? १८७८ च्या सातव्या कायद्यानें जुन्याची जागा घेतली. पुढें तोहि रद्द झाला.

त्या मानानें १९२५ चा जिनिंग-प्रेसिंगचा कायदा अधिक व्यवहारी होता. प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक हवा, असें त्यानें ठरविलें. म्हणजे गांठ कोठेंहि उघडली तरी तिचें माहेर सांपडावें.

परंतु गाडी जुंपून धुळ्याच्या बाजारांत येणारा शेतकरी या साऱ्या कायद्यांच्या वेशीबाहेरच उभा होता. रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा भाव, अडत्याचा काटा, धर्मादायाच्या नांवानें होणारी कपात, यांचा विचार १८६३ च्या कायदेकारांनीं केलाच नव्हता. शेजारच्या वऱ्हाडांत १८९७ सालीं बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत कापूस-बाजारांच्या कायद्यास १९२७ उजाडावें लागलें. परदेशी गिऱ्हाइकाच्या मागून चौसष्ट वर्षांनीं शेतकऱ्याची पाळी आली, आणि तीहि केवळ कापसापुरती! कायद्यांत कापसाच्या जागीं एकंदर शेतमाल आला तो १९३९ सालीं. तोंवर बारा वर्षें दाणाबाजारांत येणारा तोच शेतकरी पुन्हां उघड्यावर होता.