मोहोर बाटलीत येतो का?

माघात खारघरहून पनवेलच्या बाजूला जाताना एखाद्या आंब्याखाली थांबा; मोहोराचा वास येतो. आता सेंटच्या बाटलीवरही 'आंब्याचा मोहोर' असं लिहिलेलं असतं. मग झाडावरचा मोहोर खरोखर बाटलीत जातो का?

फळझाडांमध्ये हे भाग्य लाभलं कडू संत्र्याच्या फुलाला. त्याच्यातून वाफेने तेल काढतात, ते नेरोली. साधारण टनभर फुलांमागे किलोभर. सतराव्या शतकात इटलीतल्या नेरोला इथल्या राजघराण्यातल्या बाईने हा वास लोकप्रिय केला, म्हणून हे नाव. पुढे कोलोन शहरात १७०९ साली फारिनांची पेढी निघाली आणि 'ओ द कोलोन'मध्ये नेरोली कायमचं बसलं.

आंब्याचा मोहोर तर मदनाच्या पाच बाणांपैकी एक! पण व्यापारात त्याच्या तेलाला नेरोलीसारखं स्थान मिळालं नाही. चेरीच्या फुलाचंही तेच. परफ्यूममधली त्यांची 'नोट' बहुधा निरनिराळी द्रव्यं जुळवून रचलेली असते. त्यासाठी 'हेडस्पेस' नावाचं तंत्र वापरतात. फुललेल्या फांदीवर काचेचं भांडं बसवायचं, आतली हवा शोषून घ्यायची आणि तिच्यातले घटक यंत्राने ओळखायचे. फूल झाडावरच राहतं. हाती येते ती घटकांची यादी.

आपली जुनी रीत वेगळी होती. तीळ आणि ताजी फुलं थरावर थर ठेवायची, फुलं बदलत राहायची, मग तीळ घाण्यात घालायचे. फूल जातं, वास तिळात राहतो. कर्माचा संस्कार चित्तात कसा उरतो, हे सांगायला बौद्ध विज्ञानवाद्यांनी हाच दृष्टान्त घेतला. त्यांचा शब्द 'वासना'.

ही विद्या मराठीतही होती बरं का. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' यांचं हस्तलिखित उजेडात आणलं. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. हे ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून छापले गेले.

आता माझं म्हणणं. रचलेली नोट खोटी नव्हे. चित्र काही खोटं नसतं. पण चित्र माणसासारखं उतरलंय का, हे त्या माणसाला पाहिलेलाच सांगू शकतो. तिळात फुलाचा अंश तरी उतरत होता. यादीवरून रचलेल्या वासाला पारखायला मोहोराखाली उभं राहिलेलं नाक हवं. म्हणून इमारतीसाठी आंबा तोडताना फक्त फळाचा हिशेब करू नका. नातवंडांनी मोहोर आधी बाटलीत हुंगला, तर तो बरोबर आहे की नाही, हे त्यांना कशावरून कळणार?