'पट्टी' : एका शब्दाचा इतिहास

असोदे गावात 'पट्टी' हा शब्द लहानथोरांच्या तोंडी आहे. घरपट्टी, पाणीपट्टी तर नेहमीचीच. भरिताची वांगी अडत्याकडे घालून शेतकरी जो हिशेबाचा कागद घरी आणतो, तीही पट्टीच. पहिल्या पट्टीने पैसा घरातून जातो, दुसरीने घरात येतो. मंदिराचे काम निघाले की तिसरा अर्थ पुढे येतो, "यंदा घरटी पट्टी किती?"

पट्टी म्हणजे मुळात लांब, अरुंद तुकडा. त्याच शब्दाला वाटून बसविलेली रक्कम, कर, असाही अर्थ आहे व मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो नोंदलेला आहे. सारा हा जमिनीवरचा, दरसालचा. पट्टी ही बहुधा त्यावर, काही निमित्ताने बसे. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, वतनदारांवर 'सिंहासनपट्टी' बसविण्यात आली होती.

मराठा काळच्या इनाम सनदांत 'हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी' हे शब्द वारंवार आढळतात. हल्ली म्हणजे चालू, पेस्तर म्हणजे पुढे बसणारी. देवस्थानास जमीन देताना आजच्याच नव्हे, तर उद्याच्या पट्टीचीही तजवीज करून ठेवीत. एक पट्टी दिली म्हणजे सुटलो असे होत नाही, हा रयतेचा अनुभव या दोन शब्दांत साठलेला आहे.

गावाची स्वतःचीही पट्टी असे. देवाचे दिवाबत्तीचे तेल, उत्सव, गोसावी-फकीर, पाहुणे हा 'गावखर्च' पाटील-कुलकर्णी रयतेवर वाटून घालीत. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या गावखर्चाची माहिती आहे. या पद्धतीमुळे देवळात सर्वांचा वाटा राही हे खरे. पण वाटणी ज्याच्या हाती, त्याच्यावर भार हलका व दुबळ्यावर जड, असेही होई. १८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला तरी रयतेची धास्ती गेली नाही. १८५२ साली जमीन मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल भागांतील लोक तिच्याविरुद्ध उठले, कारण मोजणीपाठोपाठ आकारणी येते हे त्यांना ठाऊक होते.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. तिच्या अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून घरपट्टी थकली तर मागणीची नोटीस निघते, मंदिराच्या पट्टीची कोणास नोटीस काढता येत नाही. तोंडी आपण पट्टी म्हणतो ती जुन्या सवयीने. खरे पाहता ती वर्गणी होय, देणगी होय. तिची पावती असावी व हिशेब सर्वांसमोर यावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यानेही विश्वस्तांवर हिशेब ठेवण्याचे बंधन घातले आहे.

जीर्णोद्धाराच्या कामात या फरकाला मोठे मोल आहे. ज्या वर्षी कापूस बुडाला, केळी वादळाने झोपली, त्या वर्षी एखाद्या घराला रक्कम झेपत नाही. त्या घरातील माणसाने यादीच्या भीतीने देवळाचा रस्ता टाळावा, असे होऊ नये. ज्याला पट्टी झेपत नाही, त्याने वाळूची एक पाटी उचलली तरी त्याचा वाटा पोचतो. ज्यांनी रोख दिली व ज्यांनी अंगमेहनत दिली, त्या सर्वांचे हे मंदिर आहे. पेस्तर कोणावर भार न पडो, हीच देवाचरणी प्रार्थना.