घरचा साबण आणि म्हैसूरचं चंदन

घरी साबण करायला शिकवणारे वर्ग आता इंदूर-बडोद्यापासून बंगळूरपर्यंत भरतात. खोबरेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी घ्यायचं, घट्ट होईपर्यंत ढवळून साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वडी कापता येते. चार-सहा आठवडे सुकवली की वापरायला घ्यायची. इथवर बहुतेकांचं जमतं. अडतं ते रंग आणि वास घालताना. हळद घालावी तर वडी तांबूस होते. जास्वंदीचा लाल रंग मळकट होतो. संत्र्याच्या तेलाचा वास वडी सुकेपर्यंत उडून गेलेला असतो.

आज याच अडचणीचा इतिहास पाहू. साबणाचा इतिहास म्हटला की रोमजवळच्या ‘सापो’ नावाच्या डोंगराची गोष्ट हमखास सांगतात. तिला पुरावा नाही, तेव्हा ती सोडून देऊ.

आधी अडचण समजून घेऊ. तेलाचा तीव्र क्षाराशी संयोग झाला की साबण होतो. एक किलो खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. हा क्षार तेलाला फोडतो, तसाच फुलापानांच्या नाजूक रंगांनाही सोडत नाही. आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि पारंपरिक कुंकू हळदीपासूनच करतात. देव्हाऱ्यात जो रंग हवा असतो, तोच साबणात उतरला की आपण म्हणतो, बिघडलं! साबणात टिकतात ते गेरूसारखे मातीचे रंग. नीळही बऱ्यापैकी तग धरते.

वासाचं गणित वेगळं. लिंबू-संत्र्याची तेलं हलकी, भराभर उडणारी. खस आणि चंदन जड. कनौजच्या अत्तरवाल्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळायचं, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात न्यायची, आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल ठेवलेलं असायचं. गुलाब असो, केवडा असो, उडू पाहणारा गंध चंदन धरून ठेवतं. म्हणजे साबणाला हवं असलेलं उत्तर आपल्याकडे होतं. फक्त ते साबण करणाऱ्यांकडे नव्हतं.

अंगाला उटणं, केसांना रिठा-शिकेकाई, कपड्यांना सज्जीखार, यांवर आपलं भागत होतं. साबण ठाऊक होता; शब्दही अरबी ‘साबून’शी नातं सांगणारा. पण वड्यांचा मोठा व्यापार आला तो इंग्रजांबरोबर. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या. १९०५ मध्ये स्वदेशीची चळवळ पेटली आणि परदेशी साबण नको म्हणणारे पुष्कळ झाले. त्यात विलायती साबणात जनावराची चरबी असायची, हा आणखी एक आक्षेप. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, तो याच काळजीला उत्तर म्हणून.

पण साबण ‘नको’ म्हणणं सोपं, करायला शिकणं अवघड. मलबार किनाऱ्यावर मद्रास सरकारच्या मत्स्य खात्यानं सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकारानं तारलीच्या तेलाचा साबण करून पाहिला. वासामुळे असला साबण अंगाला कोण लावणार? तो पिकांवरच्या किडीसाठी वापरला जाई. या खटपटीतून कालिकतला १९१४ मध्ये केरळ सोप इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे साबण करायला शिकवतही असत. आजच्या साबणवर्गांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

म्हैसूरला नेमकी उलटी स्थिती होती. तिथे वास होता, साबण नव्हता. टिपूच्या काळापासून चंदन हे राजवृक्ष, म्हणजे झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी सरकारची. हे लाकूड विकलं जाई आणि त्यातलं बरंचसं तेल काढायला जर्मनीकडे जाई. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, ती वाट बंद पडली आणि संस्थानात लाकडाचे ढीग साचू लागले. खजिन्यात येणारा पैसाच अडला.

त्या वेळी नालवडी कृष्णराज वोडेयार महाराज होते आणि दिवाण विश्वेश्वरय्या. उद्योग खात्याचे आल्फ्रेड चॅटर्टन यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची मदत घेतली. तिथले सडबरो आणि वॉटसन हे प्राध्यापक कामाला लागले आणि १९१६ मध्ये चंदनाचं तेल संस्थानातच निघालं. मग त्या तेलाचा साबण का करू नये, हा प्रश्न आला. परदेशी पाहुण्यांनी महाराजांना चंदनाचा साबण भेट दिला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे; पण लाकडाचे ढीग हे मला जास्त पटणारं कारण वाटतं.

सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनतज्ज्ञांना साबणाचं तंत्र शिकायला इंग्लंडला पाठवलं. ते परतले आणि १९१८ मध्ये बंगळूरच्या सरकारी कारखान्यातून ‘म्हैसूर सँडल’ बाहेर पडला. अंडाकृती वडी, दागिन्याच्या डबीसारखा डबा, वर हत्तीचं मस्तक आणि सिंहाचं धड असलेला शरभ.

आता आपल्या उपयोगाचा भाग. अंगाच्या साबणाच्या कारखान्यात वास सुरुवातीला घालत नाहीत. आधी साबण शिजवतात, मिठाच्या पाण्यानं तो वर आणतात, उरलेला क्षार आणि ग्लिसरीन खाली निघून जातं. मग साबण वाळवून त्याचे तुकडे करतात, आणि शेवटी रंग-गंध मिसळून रुळांतून दाबतात. म्हणजे गंधाची कच्च्या क्षाराशी गाठच पडत नाही. शिवाय चंदनाच्या तेलातलं मुख्य द्रव्य, सँटॅलॉल, मुळातच क्षाराला दाद न देणारं आणि सावकाश उडणारं. घरी हेच करायचं तर साबण मंद आचेवर शिजवून घ्या आणि आच बंद केल्यावर, थोडा निवला की वास घाला. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका. ग्लिसरीन मात्र घरच्या वडीत तसंच राहतं, हा आपला फायदा.

राहता राहिला चंदनाचा भाव. ‘चंदन’ नावाची जी स्वस्त बाटली आपण साबणात घालतो, तिच्यात खरं चंदन असणं अवघड आहे. झाडात वासाचं लाकूड धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात. सरकारी मालकीमुळे शेतकरी चंदन लावायला धजत नसत; उगवलेलं रोपही नकोसं वाटे. कर्नाटकानं कायदा बदलून जमीनमालकाला झाडाचा हक्क दिला तो २००१ मध्ये, टिपूनंतर दोनशे वर्षांनी. त्यानंतर लावलेली झाडं आता कुठे तोडणीच्या वयाला येत आहेत.