रुमाल, चाकू आणि गोल्फची लय : अर्नेस्ट जोन्स यांची गोष्ट

१/
गोल्फच्या फटक्याची लय सुधारण्यासाठी आज ठेका देणारी यंत्रे मिळतात, लवचिक दांड्याच्या सराव-काठ्या मिळतात, मोबाइलवरची ॲपही मिळतात. मात्र या साधनांच्या इतिहासातील एक अत्यंत प्रभावी साधन कोणत्याही कारखान्यात तयार झाले नव्हते. एक हातरुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू, एवढेच ते होते. त्या शोधामागे पहिले महायुद्ध आहे आणि एका सैनिकाने गमावलेला पाय आहे. 🧵

२/
अर्नेस्ट जोन्स यांचा जन्म १८८७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणीच ते लंडनजवळच्या चिझलहर्स्ट येथे व्यावसायिक गोल्फपटू म्हणून काम करू लागले. त्या काळी गोल्फ शिकवण्याची रीत म्हणजे अवयवागणिक सूचना : डोके स्थिर ठेवा, डावा हात ताठ ठेवा, कंबर अशी वळवा, मनगट तसे मोडा. काठी मागे नेताना शरीराचा भार उजव्या पायावर यावा आणि फटक्याच्या वेळी तो डाव्या पायावर जावा, हा त्यातला एक पायाभूत नियम.

३/
मार्च १९१६. फ्रान्समधील लूसजवळच्या आघाडीवर जोन्स जबर जखमी झाले आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. ज्या पायावर भार पेलायचा तोच पाय गेला. म्हणजे प्रचलित शिकवणीच्या हिशेबाने त्यांचा खेळ तिथेच संपला होता.

४/
प्रत्यक्षात मात्र वेगळेच घडले. काही महिन्यांतच जोन्स नॉर्विचच्या मैदानावर उतरले आणि एका पायावर १८ होलची फेरी ८३ फटक्यांत पूर्ण केली. पुढे क्लॅक्टन येथे तर त्यांनी ७२ फटक्यांची फेरी केली. दोन्ही पाय धड असलेल्या अनेक खेळाडूंना हा आकडा आयुष्यभर साधत नाही.

५/
या आकड्यांपेक्षा त्यांतून उभा राहिलेला प्रश्न मोठा होता. भाराची अदलाबदल नाही, पायांचा रेटा नाही, तरी चेंडू पूर्वीसारखाच कसा जातो? जोन्स यांनी काढलेला निष्कर्ष असा : चेंडूला भिडते ते काठीचे डोके. ते डोके नीट झुलले, तर शरीर त्या झोक्याच्या सोयीने आपोआप जुळवून घेते. अवयवांच्या हालचाली हा त्या झोक्याचा परिणाम आहे. शिक्षक त्यांनाच कारण समजत होते.

६/
हे शिष्यांना शब्दांत पटवणे कठीण होते. म्हणून रुमाल आला. त्याच्या एका टोकाला घडीचा चाकू बांधायचा, दुसरे टोक हातात धरायचे आणि चाकू झुलवायचा. जोन्स काठी आणि रुमाल एकत्र धरून दोन्ही बरोबर झुलवून दाखवीत.

७/
या साधनाचे मर्म रुमालाच्या दुबळेपणात आहे. ताठ काठी ओढता येते आणि ढकलताही येते. त्यामुळे झटका देणाऱ्यालाही आपण काठी झुलवतच आहोत असा भास होतो. रुमाल फक्त ओढता येतो. हात एकसंध झोक्यात फिरला, तर रुमाल ताणलेला राहतो आणि चाकू सुरेख कमान रेखतो. मध्येच घाई केली, जोर लावला, की रुमाल ढिला पडतो आणि चाकू भरकटतो. चूक त्याच क्षणी डोळ्यांना दिसते.

८/
जोंधळ्याच्या शेतात गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे तत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. गोफणीच्या दोरीला धक्का देऊन दगड दूर जात नाही. ताण टिकवून वेग वाढवावा लागतो. लय ती हीच. हळू चालणे म्हणजे लय नव्हे. ताण न तुटता वाढत जाणारा वेग म्हणजे लय.

९/
१९२० च्या दशकात मॅरियन हॉलिन्स यांनी जोन्स यांना अमेरिकेत बोलावून घेतले. १९२१ च्या अमेरिकन महिला हौशी विजेत्या असलेल्या हॉलिन्स यांनी लाँग आयलंडवर खास स्त्रियांसाठी गोल्फ क्लब उभारला होता. जोन्स तिथे शिकवू लागले. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर बंदिस्त जागेत वर्ग चालवला. चेंडू किती लांब गेला हे तिथे दिसण्याची सोयच नव्हती. शिष्याचे लक्ष झोक्यावर राही.

१०/
व्हर्जिनिया व्हॅन वाय या त्यांच्या नामांकित शिष्या. १९२८ च्या अमेरिकन महिला हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्लेना कॉलेट यांनी त्यांचा अक्षरशः धुव्वा उडवला होता : १२ होल शिल्लक असतानाच १३ होलची आघाडी. १९३२ च्या अंतिम सामन्यात पुन्हा त्याच दोघी समोरासमोर आल्या. या वेळी ८ होल बाकी असताना १० ची आघाडी व्हॅन वाय यांची होती. १९३३ आणि १९३४ चे विजेतेपदही त्यांनीच मिळवले.

११/
जोन्स १९६५ मध्ये निवर्तले. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, ब्रिटनमध्ये कॉक्रन आणि स्टॉब्स यांचा गोल्फच्या फटक्यावरील शास्त्रीय अभ्यास ग्रंथरूपाने आला. फटका समजावण्यासाठी त्यात मांडलेली आकृती होती जोड-लंबकाची : वरचा भाग हातांचा, खालचा काठीचा आणि मधली बिजागरी मनगटाची. लंबकाचे गणित झाले खरे. पण लंबकाचा झोका न्यूयॉर्कच्या त्या वर्गात रोज दिसत होता.

१२/
पुढचा टप्पा व्हिडिओचा. अमेरिकेतील जॉन नोव्होसेल यांनी नामांकित खेळाडूंच्या फटक्यांतील चित्रचौकटी मोजल्या. सेकंदाला ३० चौकटींच्या हिशेबाने काठी मागे नेण्यास २७ आणि खाली आणण्यास ९, कोणाच्या २४ आणि ८, कोणाच्या २१ आणि ७. एकूण वेग वेगवेगळा. प्रमाण मात्र ३ : १. २००४ मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले आणि त्या प्रमाणात वाजणारे ठेके सरावासाठी दिले. रुमाल डोळ्यांना आणि हाताला चूक दाखवीत होता. ठेका कानाला दाखवू लागला.

१३/
या सर्व साधनांना एक सीमा आहे. स्पर्धेच्या फेरीत त्यांचा वापर नियमबाह्य ठरतो. फटक्याची लय साधण्यासाठी संगीत ऐकण्यासही मनाई आहे. २०१० मध्ये ज्युली इंक्स्टर यांनी एका स्पर्धेत खोळंबून राहावे लागले असता काठीला वजनाचे कडे चढवून झोके घेतले आणि तेवढ्यावरून त्या बाद झाल्या. तेव्हा वय ५० आणि विजेतेपद आवाक्यात होते.

१४/
म्हणजे पहिला चेंडू मारण्यापूर्वी रुमाल सोडवून खिशात ठेवावा लागतो. मैदानावर सोबत येतो तो हाताच्या लक्षात राहिलेला ताण. १९१६ साली नॉर्विचच्या हिरवळीवर एका पायावर उभ्या असलेल्या जोन्स यांच्याजवळही तेवढेच उरले होते आणि ते पुरेसे ठरले.