सुट्या भागांचें आसन

खुर्ची म्हणजे जोडलेलें लांकूड, ही व्याख्या ऐकून वाचक हंसतील; परंतु लांकूडसामानाच्या इतिहासांत खरा वादाचा मुद्दा एवढाच आहे कीं, जोडावयाचें कोणीं आणि कोठें. आज मोठ्या शहरांतील दुकानांतून कपाट म्हणून जें विकत मिळतें तें पुष्कळदां एक चपटें खोकें असतें. त्यांत फळ्या, मळसूत्री खिळ्यांची पुडी, एक षट्कोनी पाना आणि बिनशब्दांच्या चित्रांचा कागद. बाकीचें गृहस्थानें आपल्या घरीं करावें. ही रीत स्वीडनमधील एका दुकानदाराच्या डोक्यांतून निघाली अशी समजूत रूढ आहे. आम्हांस ती अपुरी वाटते, म्हणून थोडें मागें जाऊन पाहूं.

ऱ्हाइन नदीच्या कांठीं बोप्पार्ड नांवाच्या गांवीं इ. स. १७९६ त जन्मलेला मिखाएल टोनेट हा धंद्यानें सुतार. वांकडा आकार लांकडांतून कोरून काढण्यापेक्षां लांकूडच वांकवावें, हा त्याचा ध्यास होता. प्रथम तो पातळ पट्ट्या सरसांत उकळून सांच्यांत बसवी. ऑस्ट्रियाचा प्रधान मेटर्निख याची त्याच्या कामावर मर्जी बसली आणि १८४२ त टोनेट व्हिएन्नास आला. पण सरसाचे जोड दमट हवेंत सुटत, आणि दूरदेशीं समुद्रमार्गें माल धाडावयाचा तर हा दोष लहान नव्हे. तेव्हां सबंध दांडाच वांकविणें भाग पडलें. येथें अडचण अशी कीं, वाफेनें मऊ केलेला दांडा वांकवितांना त्याची आंतली बाजू दबते व बाहेरची ताणली जाते. लांकूड दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून तें बाहेरून तडकतें. टोनेटनें बाहेरच्या बाजूस लोखंडाची पट्टी लावून ती दोन्ही टोंकांस घट्ट आवळली. पट्टी लांबत नाहीं, त्यामुळें सगळें लांकूड दबण्याकडेच राहतें आणि न तडकतां वळतें. उपाय किती साधा! परंतु तो हातीं लागण्यास कित्येक वर्षें गेलीं. १८५६ त त्याला ह्या कृतीचा सरकारी हक्क मिळाला आणि मोरेव्हियांतील बीचच्या अरण्यांजवळ कोरिचान येथें त्याचा कारखाना उभा राहिला.

१८५९ त निघालेली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची म्हणजे आमच्या विषयाचें खरें आद्यपीठ. सहा लांकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन चाक्या, एवढाच तिचा संसार. पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच वांकविलेला दांडा. त्याच्या आंत दुसरी कमान. बैठकीचें कडें व त्यावर वेताची वीण. पुढचे दोन पाय. आणि पायांना बांधून ठेवणारें खालचें कडें. सुतारी कामाचा प्राण जें कुसूं व खोबण, त्यांचें काम येथें बहुतेक लोखंडी मळसूत्रांवर सोंपविलेलें आहे. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. ह्या एका आंकड्यांत त्या धंद्याचें सारें रहस्य आहे, कारण जोडलेली खुर्ची जहाजांतून पाठविणें म्हणजे बव्हंशीं हवेचें भाडें भरणें होय. दुसरें रहस्य असें कीं, कोणतीहि पाठ कोणत्याहि बैठकीला बसे. गांवच्या सुताराची खुर्ची तिच्या स्वतःच्याच पायांना ओळखते. टोनेटच्या खुर्चीला ती ओळख नाहीं आणि तिची गरजहि नाहीं. १९३० पर्यंत अशा सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्याचें सांगतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून ज्या वांकविलेल्या दांड्यांच्या काळसर खुर्च्यांवर चहा-ब्रूनमस्का घेत तीन पिढ्या बसल्या, त्या ह्याच कुळांतील.

तथापि घेणाऱ्यानें ती खुर्ची स्वतः जोडावी, हा हेतु त्या व्यवहाराच्या मुळाशीं नव्हता. मुळाशीं होती ती जहाजांतील जागा. हेंच आमच्या देशांत फिरणाऱ्या इंग्रजी फौजेच्या सामानाविषयीं म्हणतां येईल. उंटाच्या व बैलाच्या पाठीवर लादतां यावीं म्हणून दोन तुकड्यांत होणारीं पितळी कोपऱ्यांचीं पेटारेवजा कपाटें, मिटणारे पलंग आणि सुट्या पायांचीं मेजें ही त्या सामानाची जात. त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची रुरकी खुर्ची आम्हांस सर्वांत चतुर वाटते. उत्तरेंतील रुरकी ह्या लष्करी इंजिनियरांच्या ठाण्यावरून तिला हें नांव पडलें. तिच्यांत स्क्रू नाहीं, सरसहि नाहीं. आडव्या दांड्यांचीं निमुळतीं टोंकें पायांच्या भोंकांत नुसतीं खुपसावयाचीं आणि वर कॅनव्हास ताणावयाचें. जोड ढिले असल्यामुळें खडबडीत जमिनीवर चारी पाय आपापली जागा शोधून घेतात आणि बसणाऱ्याच्या वजनानेंच सांधे घट्ट होतात. जोडण्याचें काम अर्थात् साहेबाकडे नसे. तंबू ठोकणारे खलाशी त्यासाठीं होते. पुढें १९३३ त डेन्मार्कच्या कारे क्लिंट ह्यानें आपली सफारी खुर्ची ह्याच धर्तीवर रचली.

स्वीडनची गोष्ट ह्यानंतरची. १९४३ त इंग्वार काम्प्राड नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें किरकोळ मालाचा जो व्यापार काढला तोच आजचा आयकिया. त्याच्या पदरीं असलेल्या गिलिस लुंडग्रेन ह्यानें १९५६ त एक टेबल मोटारींत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यांतून सगळी युक्ति सुचली, अशी कथा कंपनी सांगते. कथा गोड आहे. पण त्याच देशांतील नॉर्दिस्का कंपानिएत ह्या मोठ्या दुकानानें १९४० नंतरच्या दशकांतच सुटें सामान विकावयास आणलें होतें. काम्प्राडचें श्रेय निराळें. गोदाम, वाहतूक आणि जोडणीची मजुरी ह्या तिन्ही खर्चांना एकदम कात्री लावून त्यानें शेवटचा खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर घातला, आणि गिऱ्हाइकानें तो आनंदानें उचलला. हा आनंद खोटा नव्हे. आपल्या हातानें जोडलेल्या वस्तूची किंमत माणूस अधिक लावतो, असें अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं २०१२ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आलें. मात्र स्वस्ताईचे सगळेच श्रम असे हंसतमुखानें झालेले नाहींत. पूर्व जर्मनींतील पुरवठादारांनीं राजकीय कैद्यांकडून काम करवून घेतल्याचें कंपनीला २०१२ त कबूल करावें लागलें.

घरीं बसून हें सामान झटपट जोडण्याचें मर्महि ह्या इतिहासांतच आहे. भाग आधीं मांडून चित्राशीं ताडून मोजावे हें उघडच आहे. परंतु पहिलाच स्क्रू पुरता आवळण्याचा मोह मोठा असतो. भोंकांत जें थोडें सैलपण ठेवलेलें असतें, तें शेवटच्या सांध्यापर्यंत राखून ठेवावें. सगळे स्क्रू अर्धवट बसवून, चौकट काटकोनांत आहे असें पाहून, मग एकेक आवळीत जावें. रुरकीच्या खलाशांना हें शिकवावें लागलें नसतें. आणखी एक काम पुष्कळ लोक टाळतात: उंच कपाट भिंतीला बांधणें. खणांचीं कपाटें अंगावर पडून मुलें दगावल्यामुळें अमेरिकेंत २०१६ त ह्याच कंपनीला जवळजवळ २ कोटि ९० लक्ष कपाटें परत बोलवावीं लागलीं. भिंतीचा तो एक खिळा घाईंत राहून जाऊं नये.

आमची मुख्य तक्रार वेगळीच आहे. टोनेटची खुर्ची खिळखिळी झाली तर स्क्रू आवळून पुन्हां उभी राहते. रुरकीची तर रोज मोडावी, रोज जोडावी. आजचें चपट्या खोक्यांतील कपाट बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचें असतें, आणि अशा फळींतील भोंक एकदां झिजलें कीं मळसूत्र पुन्हां धरीत नाहीं. तें सुटें येतें, पण पुन्हां सुटून दुसऱ्या घरीं क्वचितच धड जातें. भाड्याच्या घरांतून बिऱ्हाडें हालविणाऱ्या मुंबईकरानें हें ध्यानांत घेऊन फळीचा कस पाहावा.

हें दुकान २०१८ त हैदराबादेस आणि २०२० च्या डिसेंबरांत नव्या मुंबईंत आलें. आपल्याकडे सुतार घरीं येई, ओटीवर रंधा चालवी आणि आठ-पंधरा दिवसांनीं कपाट उभें करून जाई. त्याला चहा देणें घराकडेच असे. घरोघरीं लांकूडकाम करवून घेण्याची ही संवय सुटलेली नसल्यामुळें ह्या देशांत कंपनीला जोडून देणाऱ्या माणसांचीहि सोय ठेवावी लागली. ते येतात, तासाभरांत कपाट उभें करतात आणि षट्कोनी पाना खिशांत घालून पुढच्या घरीं जातात.