तूस, माती आणि तडा

छत्तीसगड हे भाताचे कोठार खरेच; परंतु या भूमीच्या पोटात लोखंडही विपुल आहे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तेथे गावठी भट्ट्या धगधगत होत्या. अगरियांची भट्टी ती केवढी! कमरेएवढा मातीचा बुरूज, लाकडी कोळसा आणि पायांनी चालविलेले भाते.

मातीचा खरा वैरी अग्नी नव्हे, तडा होय. एक अंग तापून फुगते, दुसरे थंड राहते. या ओढाताणीत ठिसूळ माती दुभंगते. बस्तरचे घडवे ओतकामाच्या साच्यासाठी मातीत भाताचे तूस मळतात. दक्षिणेत पोलादाच्या मुशीही अशाच घडत. माती सुकताना तूस तिला धरून ठेवते. भाजताना ते जळते, पण त्यातील सिलिकेचा सांगाडा उरतो आणि धावता तडा पोकळीशी येऊन बोथट होतो. माती तडकत नाही असे नव्हे. तडकूनही ती फुटत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी जेट यंत्रांसाठी सिलिकॉन कार्बाइडचे धागे तशाच ठिसूळ द्रव्यात गुंफले. तडा गेला की धागे त्यावर पुलासारखे उभे राहतात आणि सरकत निघताना आघात पचवितात. म्हणून धागा व द्रव्य यांची मिठी फार घट्ट असून चालत नाही. मध्ये कार्बनचा किंवा बोरॉन नायट्राइडचा पातळ लेप देतात. सातशे-आठशे अंशांच्या सुमारास तड्यातून शिरलेला प्राणवायू हा लेप खाऊन टाकतो, काचेसारखे द्रव्य धाग्याला जखडते आणि वस्तू एकाएकी तुटते. त्याहून अधिक तापमानात तीच काच कधीकधी तडा बुजविते, ही मौजच! अमेरिकेतील युटा विद्यापीठात तर १९७५ साली सिलिकॉन कार्बाइड बनविले गेले ते भाताच्या तुसापासून.

अगरियांना मात्र या विद्येचे मोल कोणी दिले नाही. भट्टीवरील कर आणि बाजारातील स्वस्त लोखंड यांनी हा धंदा कसा खंगला, ते व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली लिहून ठेवले. १९५६ साली रायपुरात खाणकाम व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय निघाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तिच्या अस्तराला कारखान्यात भाजलेल्या अग्निविटा होत्या. खनिज मात्र दल्ली-राजहऱ्याचे, बोसांनी पाहिलेल्या त्याच मुलुखातले.