एटापल्ली तालुका : जमाती, जाती आणि सामाजिक भेद

एटापल्ली हा गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील डोंगराळ, जंगलव्याप्त तालुका. त्याच्या पूर्वेला छत्तीसगडचा बस्तर प्रदेश आहे. तालुक्यात बहुसंख्या माडिया गोंडांची. त्यांच्याखेरीज राजगोंड, परधान, महार (बहुतेक बौद्ध), कलार, तेली, कुंभार, लोहार, ढिवर हे समाज, तेलुगूभाषक व्यापारी, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची कुटुंबे आणि अलीकडे लोहखाणीसाठी आलेले परप्रांतीय कामगार येथे राहतात. घरात माडिया, शाळेत मराठी, अहेरीकडच्या बाजारात तेलुगू आणि ट्रकचालकाशी हिंदी, असा चार भाषांचा व्यवहार करणारी माणसे येथे सर्रास आढळतात. या समाजांमधील भेद एका रेषेने दाखवता येत नाहीत. कूळ, जमीनदारी, भाषा, आगमनाचा काळ आणि सरकारी दाखला अशा अनेक रेषा येथे एकमेकींना छेदतात. त्यांतील सर्वांत उशिरा आलेली दाखल्याची रेषा आज सर्वांत ठळक आहे.

‘वंश’ ही कल्पना या प्रदेशाला बाहेरून चिकटवली गेली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून भारतीयांचे वांशिक वर्ग पाडले. गोंडांना त्यांनी द्राविड वर्गात घातले. माडिया ही बोली द्राविड कुळातली आहे हे खरे. परंतु भाषेचे कूळ आणि रक्ताचे कूळ एकच मानणे ही त्या काळाची मोठी चूक होती. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जमाती व जातींवरील १९१६ च्या ग्रंथाने आणि ग्रिगसन यांच्या बस्तरच्या माडियांवरील १९३८ च्या अभ्यासाने कवटीपेक्षा कुळे, देव आणि शेतीपद्धती यांकडे अधिक लक्ष दिले. स्थानिक माणसाच्या बोलण्यात वंश हा शब्द येतच नाही. माडिया स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतो आणि समोरच्याची पहिली चौकशी करतो ती आडनावाची.

ही चौकशी निरर्थक नाही. गोंड समाजात कुळे देवांच्या संख्येने ओळखली जातात : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच गटातील कुळे परस्परांची भाऊबंद असतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. दुसऱ्या गटातील कुळे सोयरी ठरतात. त्यामुळे आडनाव कळले की समोरचा भाऊ लागतो की मेव्हणा, हे लगेच ठरते. मामा-आत्याच्या मुलामुलींतील विवाहाला पसंती असते. ही विभागणी उतरंडीची नाही. एका गटाला दुसऱ्यावाचून लग्न करता येत नसल्याने उच्चनीचतेला तेथे फारसा वाव उरत नाही. गावातील मानही याच चौकटीतून येतो. गाव वसवणाऱ्या मूळ कुळाकडे भूमीच्या पूजेचा अधिकार असतो आणि त्या कुळातला गायता पेरणीआधीचे विधी करतो. अनेक गावांचा मिळून ‘इलाका’ होतो; सुरजागड इलाक्यात ७० गावे मोडतात. गोटुल हे गावाच्या बैठकीचे आणि पाहुण्यांच्या उतरण्याचे ठिकाण.

मात्र समानतेचे हे चित्र पूर्ण नाही. बडा माडिया आणि छोटा माडिया असा भेद जमातीच्या आतच आहे. पहिले डोंगरातले व अधिक अलिप्त, दुसरे सखल भागातले आणि नांगरशेतीला आधी लागलेले. गोंडांचे परंपरागत भाट असलेल्या परधानांना गोंडांच्या देवकार्यात आणि वंशावळीत अपरिहार्य स्थान होते, तरीही पंगतीत त्यांना बरोबरीने घेतले जात नसे. स्त्रियांच्या वाट्याला वेगळी रेषा आली आहे : मासिक पाळीच्या दिवसांत त्यांनी गावकडेच्या ‘कुर्माघरात’ राहण्याची प्रथा. या झोपड्यांची दुरवस्था हा गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत गेलेला विषय आहे. आदिवासी समाजाला जातिभेदविरहित ठरवण्याची शहरी हौस या तपशिलांपुढे टिकत नाही.

कुळांच्या वर जमीनदारीचा थर होता. चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये ब्रिटिशांकडे; पण जंगलातील जमीनदाऱ्या टिकल्या. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. राजगोंड घराणी स्वतःला क्षत्रिय मानत, हिंदू विधी पाळत आणि माडिया रयतेशी सोयरीक टाळत. म्हणजे राजा आणि रयत दोघेही गोंड, तरी दोघांत अंतर मोठे. १८५८ च्या उठावात हे अंतर वेगळ्या रीतीने दिसले. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके ब्रिटिशांविरुद्ध उठले. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचा हात होता आणि त्याबद्दल त्यांना बक्षिसादाखल जमीनदारी मिळाली. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जमीनदाऱ्या १९५१ मध्ये कायद्याने संपल्या, मान संपला नाही. एटापल्ली ज्यात येते तो अहेरी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००९ पासून तेथून निवडून आलेले तिन्ही आमदार (दीपक, अम्ब्रीशराव आणि धर्मरावबाबा) आत्राम आडनावाचे आहेत. त्यांपैकी शेवटचे दोघे अहेरीच्या राजघराण्यातील, नात्याने पुतण्या आणि काका.

बाहेरून आलेल्यांशी माडियांचा पहिला संबंध व्यापाराचा होता. मीठ घेऊन जंगलात शिरणारा व्यापारी मिठाच्या मापाने चारोळी मोजून नेई. मोहफुले आणि टोळी (मोहाच्या बिया) यांचाही सौदा असाच चाले. वजन, भाव आणि लिहिणे या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला असल्याने सौद्याचा निकाल आधीच लागलेला असे. पुढे वन खात्याचे रक्षक, बांबूचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे मुकादम, तलाठी आणि शिक्षक आले. यांतील पुष्कळजण वैनगंगेकाठच्या किंवा त्यापलीकडच्या मराठीभाषक जातींतले. आदिवासी गावात ‘सरकार’ या शब्दाला बराच काळ मराठी चेहरा होता. जमीन हातची जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये दोन कायदे झाले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर कडक निर्बंध आले आणि गेलेली जमीन परत करण्याची तरतूद झाली. कायद्याला वळसा घालण्याचा एक मार्ग तरीही उरला, तो म्हणजे आदिवासी पत्नीच्या नावे जमीन घेणे. मिश्र विवाहांकडे गावे संशयाने पाहतात त्यामागे हे कारण मोठे आहे.

बंगाली निर्वासितांची वसाहत ही वेगळी कहाणी आहे. १९६० च्या दशकापासून केंद्र सरकारने त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगल भागात, मुख्यतः आजच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत, जमिनी देऊन वसवले. तेथून काही कुटुंबे व्यापाराच्या निमित्ताने एटापल्लीत आली. दलदलीच्या मुलखातली ही माणसे भातशेती आणि मासळीत तरबेज; त्यांच्या गावांत दुर्गापूजा होते. त्यांच्यातील मोठा वर्ग नामशूद्रांचा आहे. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. फाळणीने घर गेले, स्थलांतराने दर्जा गेला. स्थानिक आदिवासींच्या नजरेत मात्र हेच लोक सरकारने जंगल तोडून ज्यांना जमीन दिली ते. दोन्ही बाजूंच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

वनहक्क कायद्याने (२००६) हा भेद कालमर्यादेत बांधला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मागता येतो. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असलेल्या बिगरआदिवासीला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. याचा अर्थ १९३० पासूनचा पुरावा. १९६० नंतर आलेला बंगाली शेतकरी या कसोटीला उतरूच शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेल्या दलित, कुंभार किंवा ढिवर कुटुंबाला उतरता येते, पण जमीनदारी काळातील कागद त्यांच्याकडे क्वचितच असतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता व बांबू विकू लागल्या आणि ठेकेदाराची जागा काही प्रमाणात ग्रामसभेने घेतली.

दाखल्याची रेषा सूचीतून निघते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील अठराव्या नोंदीत गोंड, राजगोंड, माडिया, बडा माडिया, छोटा माडिया, गोंड-गोवारी, माना आणि आणखी डझनावारी नावे एकत्र आहेत. यादीपुढे जमीनदाराचा वंशज आणि डोंगरातला शिकारी सारखेच. माडिया गोंडांना कातकरी व कोलाम यांच्यासह राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले जाते, पण हा दर्जा योजनांपुरता आहे. नोकरीतील आरक्षणात वेगळा वाटा नाही. विदर्भात यादीला १९७६ पर्यंत क्षेत्रबंधन होते. मेळघाट, केळापूर, वणी, यवतमाळ यांच्याबरोबर गडचिरोली व सिरोंचा या जुन्या तहसिलींतील रहिवाशांनाच जमातीचा लाभ मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने हे बंधन उठले आणि नामसादृश्यावरून दावे वाढले. हलबा-कोष्टींचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळला. गोवारींच्या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. गोवारी म्हणजे गोंड-गोवारी नव्हेत, असा निकाल २०२० मध्ये लागला. मानांचा दावा मात्र २००६ मध्ये टिकला. गोंड-गोवारी आणि माना ही नावे एकाच नोंदीतली, पण दाव्यांचे शेवट वेगळे.

दावा तपासणाऱ्या समित्या अर्जदाराला कुलदैवत, लग्नाचे विधी, बोली यांबद्दल विचारत आल्या आहेत. जो मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून आश्रमशाळेत मराठीत वाढला, त्याला आजीच्या विधींचे तपशील सांगता येतीलच असे नाही. असली चाचणी निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये म्हटले. दुसरी अडचण सीमेची. माडियांचे सोयरे छत्तीसगडात आहेत, पण जमातीचा दर्जा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपोआप येत नाही. लग्न करून अलीकडे आलेली सून जमातीने तीच, नोंदीने परराज्यातली.

आरक्षणाच्या टक्केवारीने इतर मागासवर्गीय आणि आदिवासी यांच्यातही तेढ आणली. जिल्ह्यातील वर्ग तीन व चारच्या पदांत अनुसूचित जमातींना २४ टक्के जागा देताना इतर मागासवर्गाचा वाटा १९ वरून ६ टक्क्यांवर आला होता. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखीव झाली आणि रोष वाढला. २०२१ मध्ये इतर मागासवर्गाचा वाटा १७ टक्के करण्यात आला. गडचिरोलीतल्या बिगरआदिवासी तरुणाची तक्रार अशी की आपणही याच जंगलात जन्मलो. माडिया तरुणाचे उत्तर असे की तलाठी कधी आपल्या भाषेत बोललाच नाही. प्रश्न नोकऱ्यांच्या तुटवड्याचा आहे. भांडण मात्र जात आणि जमात यांच्या नावाने होते.

नक्षलवादी १९८० मध्ये गोदावरी ओलांडून आले तेव्हा त्यांनी तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून मागितली आणि वनरक्षकांची दहशत मोडली. त्यांनी भेद मिटवण्याची भाषा केली, परंतु संघटनेच्या वरच्या फळीत बराच काळ तेलुगूभाषक आणि बंदूक वाहणाऱ्या फळीत माडिया व गोंड, ही रचना राहिली. १९९० मध्ये पोलिसांनी उभारलेल्या सी-६० दलातही स्थानिक आदिवासी जवान मोठ्या संख्येने आहेत. ‘खबऱ्या’ ठरवून मारले गेलेलेही बहुतेक आदिवासीच. एकाच गावात पोलीस शिपायाचे घर, शरण आलेल्याचे घर आणि मारल्या गेलेल्याचे घर शेजारी असू शकते; कुळांच्या जुन्या गणितात न बसणारी ही नवी फूट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला.

सुरजागडचा डोंगर या सर्व रेषांना एकत्र आणतो. तेथे ठाकूरदेवाचे स्थान असून दर जानेवारीत यात्रा भरते. याच डोंगरावर लॉइड्स मेटल्स कंपनीला २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरील पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. इलाक्यातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. एटापल्ली व आलापल्लीतील व्यापारी, वाहनमालक आणि बेरोजगार तरुणांपैकी अनेकांनी खाणीचे स्वागत केले. या तरुणांत आदिवासीही आहेत, आणि विरोधकांच्या सभांत बिगरआदिवासीही असतात. खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना एटापल्लीत उभा राहिला नाही. तो चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला आहे.

भाषेच्या बाबतीत कायदा सर्वांत मागे आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी मातृभाषा नोंदवली, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली.

पेसा कायदा (१९९६) आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपज, सावकारी, दारूविक्री व जमिनीबाबत अधिकार दिले. हे अधिकार ग्रामीण भागापुरते आहेत. तालुक्यातले सगळे समाज जेथे शेजारी शेजारी राहतात आणि आठवडी बाजारात समोरासमोर येतात, ते एटापल्ली गाव २०१५ मध्ये नगरपंचायत झाले. तेथे आता पेसाची ग्रामसभा भरत नाही.